हेलिक्सच्या पोटातला तारा: नागपूरहून केलेल्या मोजणीच्या नोंदी

११ ऑक्टोबर २०२५, मानकापूर, गच्ची

पाऊस परतल्यावर आज पहिल्यांदा आभाळ पूर्ण उघडलं. हीच मोजणी कोणाला करायची असेल तर हाताशी असाव्यात म्हणून नोंदी आजपासून ठेवतोय.

काम असं. कुंभ राशीत हेलिक्स नावाचा प्लॅनेटरी नेब्युला (मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचं कवच; ग्रहाशी संबंध नावापुरताच) आहे, एनजीसी ७२९३, आपल्यापासून साधारण ६५० प्रकाशवर्षांवर. त्याच्या मध्यभागी १३.५ प्रतीचा मरणासन्न तारा आहे (प्रत हे तेजाचं माप; आकडा मोठा तेवढा तारा मंद). श्वेत बटू व्हायच्या वाटेवरचा, पृष्ठभाग एक लाख अंशांहून गरम. टेस या ग्रह शोधणाऱ्या उपग्रहाने घेतलेल्या मोजणीत या ताऱ्याचा उजेड २.७७ दिवसांच्या लयीत किंचित वर-खाली होताना सापडला. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. अर्थ असा लावला गेला की ताऱ्याच्या अगदी जवळून काहीतरी फिरतंय, आणि त्याची तापलेली बाजू आपल्याकडे वळली की एकूण उजेड वाढतो. ते नेपच्यूनच्या आकाराच्या ग्रहाएवढं असावं असा अंदाज आहे. त्यात भर म्हणजे या ताऱ्याकडून येणाऱ्या क्ष-किरणांचं कोडं १९८० पासून पडलेलं होतं. मार्च २०२५ मध्ये चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणींच्या नोंदींवरून असं मांडलं गेलं की गुरूसारखा एक ग्रह आणखी आत सरकला, फुटला आणि त्याचा मलबा ताऱ्यावर पडतोय. त्या क्ष-किरणांत २.९ तासांची लय दिसली.

माझ्याकडे २०० मिमीची न्यूटनियन (आरशांची) दुर्बीण, विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा स्टँड) आणि थंड करता येणारा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आहे. क्ष-किरण जमिनीवर पोचतच नाहीत, तो विषय संपला. उजेडातला फरक हजारात दोनच्या आसपास आहे. नागपूरहून तो पकडता येईल असं मी म्हणत नाही. मला बघायचंय की आपण त्याच्या किती जवळ जाऊ शकतो आणि वाटेत खोटे ग्रह कुठून कुठून उगवतात.

नागपूरच्या अक्षांशावरून हेलिक्स जास्तीत जास्त ४८ अंशांवर येतो, दक्षिणेला. मानकापूर शहराच्या उत्तर टोकाला, म्हणजे मला अख्ख्या शहराच्या उजेडावरून बघावं लागतं. नेब्युला फोटोत दिसतच नाही. तारा मात्र दिसतो, आणि आपल्याला ताराच हवा आहे.

आज V फिल्टर (हिरवा-पिवळा उजेड तेवढा आत सोडणारा), १२० सेकंदांच्या फ्रेम, म्हणजे एकेक फोटो तेवढ्या वेळाचा. एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत मोजलेल्या उजेडातला फरक साधारण एक टक्का. त्याचं कारण सरळ आहे. मोजणीचं जे वर्तुळ ताऱ्याभोवती ठेवतो, त्यात ताऱ्यापेक्षा शहराच्या आकाशाचाच उजेड जास्त भरतो.

१२ ऑक्टोबर

दवाने काम थांबवलं. नऊच्या पुढे सगळे तारे एकदम मंदावू लागले आणि थोड्या वेळाने गायडिंग (दुर्बीण ताऱ्यावर आपोआप धरून ठेवणं) सुटलं. टॉर्च मारून पाहिलं तर दुय्यम आरशावर पातळ धुकट थर. दिवसा घाम फुटतो आणि रात्री आरसा ओला, ऑक्टोबरचं हे असंच असतं.

हीटरचा तयार पट्टा मागवला तर यायला आठवडा. त्यापेक्षा बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारात जाऊन अर्ध्या वॉटचे ३३० ओहमचे रेझिस्टर आणले. आरशाच्या मागे बसतील तेवढे, म्हणजे दहा, एकमेकांना समांतर जोडले. १२ व्होल्टवर एकेकातून ०.४४ वॉट जातो, म्हणजे सगळे मिळून साडेचार वॉटच्या आत. पाव वॉटचे घेऊ नका, जळतील. वर कॅप्टॉन टेप, उष्णता सोसणारी. रेझिस्टर, तार, टेप सगळं धरून खर्च दीडशेच्या आत. सोल्डरिंगला एक दुपार गेली.

१४ ऑक्टोबर

हीटर चालला, आरसा रात्रभर कोरडा. पण आलेखात मधोमध एक पायरी आली. नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत एक पातळी, त्यानंतर जवळपास एक टक्का खाली, आणि मग सरळ रेष.

तारा मेरिडियन (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो तेव्हा माउंट उलटतं. उलटल्यावर तारे सेन्सरच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातात, आणि फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाचा फोटो, सेन्सरचा असमानपणा काढून टाकायला) जेवढी कच्ची तेवढी पायरी मोठी. माझे फ्लॅट संध्याकाळच्या आभाळाचे आहेत आणि गच्चीच्या एका बाजूला शेजारच्या इमारतीचा पांढरा एलईडी दिवा आहे. त्याचा तिरपा उजेड नळीत शिरत होता.

दोन गोष्टी केल्या. नळीच्या तोंडावर काळ्या योगा मॅटची फूटभर लांब टोपी केली. आणि शेजारच्या काकांशी बोललो. ते म्हणाले, "मला सांगायचं ना आधी. साडेसात ते अकरा बंदच ठेवतो, कोण बसतं तिथं." त्यानंतर तो दिवा एकदाही लागला नाही. यासाठी मी त्यांचा मनापासून आभारी आहे. फिल्टर, कॅमेरा यांवर हजारो रुपये घालून जे साधत नाही ते या एका बटणाने साधलं.

पायरीवर खरा उपाय वेगळा आहे: उलटूच द्यायचं नाही. माझं माउंट मेरिडियनच्या पुढे तासभर तसंच चालू शकतं. यापुढे मेरिडियनच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, एवढंच घ्यायचं.

१७ ऑक्टोबर

आज तुलना-ताऱ्यांवरच काम केलं, म्हणजे त्याच फोटोतले ज्यांच्याशी आपल्या ताऱ्याचा उजेड ताडतो ते तारे. ज्याच्यावर मी सर्वांत जास्त भिस्त ठेवली होती तो तारा सेन्सरच्या क्षमतेच्या टोकाला पोचत होता. हवा स्थिर झाली की त्याचा मधला पिक्सेल भरून वाहतो, आणि मग तो प्रत्यक्षापेक्षा मंद मोजला जातो. परिणाम असा की हवा जितकी चांगली तितका आपला तारा तेजस्वी वाटतो! एका ताऱ्यावर भिस्त ठेवायची नाही. फ्रेम ६० सेकंदांवर आणली, पाच तुलना-तारे घेतले, आणि प्रत्येकाला बाकीच्या चारांशी ताडून पाहिलं. अ‍ॅस्ट्रोइमेजजे हे फुकट सॉफ्टवेअर हे सगळं करून देतं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

अमावास्या. महिन्यातली सर्वांत काळी रात्र, आणि फटाक्यांचीही तीच. तरी लावून पाहिलं. घरची पूजा झाल्यावर वर गेलो.

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण ही रात्र सर्वांत जास्त शिकवून गेली. आठच्या सुमारास हेलिक्सचा तारा तुलना-ताऱ्यांच्या मानाने मंद व्हायला लागला. पायरी नाही, उडी नाही, अगदी गुळगुळीत उतार. साडेनऊपर्यंत तीन टक्क्यांहून जास्त खाली. मग हळूहळू परत वर. आलेख असा देखणा आला की कोणालाही वाटावं ताऱ्यासमोरून काहीतरी गेलं. पाचही तुलना-तारे आपापसांत शांत होते. दव नाही, माउंट उलटलं नाही, पिक्सेल भरला नाही. आधी सापडलेल्या एकाही दोषावर बोट ठेवता येईना.

शेवटी तुलना-ताऱ्यांचा मूळ उजेड, कशानेही न भागता, वेगळा काढून पाहिला. तोही त्याच वेळेत अर्ध्यावर आला होता आणि त्याच वेळेत परत चढला होता. धूर. धूर निळा उजेड जास्त खातो, तांबडा कमी. एक लाख अंशांचा हा तारा फोटोतल्या बाकी सर्व ताऱ्यांपेक्षा निळा आहे. माझे पाचही तुलना-तारे पिवळे-नारिंगी होते, म्हणून आपापसांत ते जुळत राहिले आणि निळा तेवढा एकटा पडला.

हीच गोष्ट धूर नसतानाही रोज लहान प्रमाणात होते. तारा जसा क्षितिजाकडे उतरतो तशी वाटेतली हवा वाढते आणि निळ्याचं नुकसान जास्त होतं. म्हणजे प्रत्येक रात्रीच्या आलेखात एक खोटा उतार आधीपासूनच दडलेला आहे. मेरिडियनच्या आसपासचेच दोन तास घ्यायला आता हे दुसरं आणि जास्त वजनदार कारण मिळालं. ३८ अंशांच्या खाली काहीही घ्यायचं नाही असं ठरवलं.

२२ ऑक्टोबर

V फिल्टर काढला. धुराचं कारण आहेच, पण त्यातून ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटरच्या रेषेचाही उजेड आत येतो आणि नेब्युला त्या रेषेत चांगला चमकतो. हवा हलली की ताऱ्याच्या वर्तुळात नेब्युलाचा वाटा बदलतो. स्लोन i फिल्टर मागवला, ७०० ते ८२० नॅनोमीटरचा. तिथे नेब्युलाच्या रेषा क्षीण आहेत आणि धुराचा त्रासही कमी. आयात शुल्क धरून चौदा हजारांच्या घरात गेला. या सगळ्या उद्योगातला हा सर्वांत मोठा खर्च. तोटा असा की एवढा गरम तारा तांबड्या बाजूला मंद असतो, त्यामुळे फ्रेम पुन्हा १२० सेकंदांची करावी लागेल.

२५ ऑक्टोबर, सिल्लारी

फिल्टर यायचा आहे, तरी अंधार हवा म्हणून पेंचला आलो. पुतण्या सोबत. पेंच व्याघ्र प्रकल्पाचा हा भाग २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झाला. गावातले दिवे बदलून खाली तोंड केलेले लावले आहेत, आणि फरक डोळ्यांना लगेच कळतो. चंद्रकोर आठनंतर मावळली. दक्षिणेला क्षितिजाजवळ नागपूरचा पिवळट उजेड आहे, पण ४८ अंशांपर्यंत तो येत नाही.

फ्रेम-फ्रेममधला फरक थेट निम्म्यावर, अर्धा टक्का. तासाभराच्या फ्रेमची सरासरी काढली की हजारात एकपर्यंत उतरायला हवी. कागदावर उतरते. रात्रीच्या पहिल्या तासाची आणि दुसऱ्या तासाची सरासरी मात्र आपसांत हजारात पाचने जुळत नाही. अजून काहीतरी आहे.

ते "काहीतरी" पहाटे चारला सापडलं, फ्रेम एकापाठोपाठ एक सरकवून बघताना. ध्रुव-जुळणी (माउंटचा आस आकाशाच्या ध्रुवाकडे नेमका लावणं) घाईत झाली होती. गायडर एका ताऱ्याला धरून ठेवत होता, पण फोटो त्याच्याभोवती हळूहळू फिरत होता. दोन तासांत कडेचे तुलना-तारे आठ-दहा पिक्सेल सरकले. सरकताना ते सेन्सरवरच्या धुळीच्या वर्तुळांवरून गेले. अर्धा तास जास्त देऊन ध्रुव-जुळणी नीट केली तर हे होत नाही.

२९ ऑक्टोबर

बंगालच्या उपसागरातल्या वादळाचं आभाळ. पाऊस. काही नाही.

९ नोव्हेंबर

इथवर एक प्रश्न मनात घर करून होता. पद्धत बरोबर आहे हे कशावरून? हेलिक्समध्ये काही दिसलं नाही तर ते नाही म्हणून, की मला दिसत नाही म्हणून? म्हणून असा तारा हवा होता जो नेब्युलाच्या आतच आहे, ज्याला सोबती आहे हे पक्कं आहे, आणि ज्याच्या उजेडातला फरक गच्चीवरूनही चुकणार नाही.

शर तारकासमूहात एबेल ६३ नावाचा नेब्युला आहे. त्याच्या मध्यावर यूयू सॅजिटी हा जोडतारा आहे. एक गरम तारा, एक थंड सोबती, ११ तास १० मिनिटांत एक फेरी. दर फेरीला सोबती गरम ताऱ्याला पूर्ण झाकतो. ग्रहण आत-बाहेर धरून तासाहून थोडं जास्त चालतं, त्यातलं पूर्ण झाकलेपण पाव तासाच्या आसपास. त्या वेळी तारा चार प्रतींहून जास्त मंद होतो. नागपूरहून तो जवळपास डोक्यावरून जातो. नेब्युला इतका फिका आहे की मोजणीत लुडबूड करत नाही.

वेळ काढायची रीत सांगतो, उपयोगी पडेल. दोन फेऱ्या म्हणजे २२ तास १९ मिनिटं. म्हणून ग्रहण रोज एक तास चाळीस मिनिटं लवकर येतं. एक ग्रहण संध्याकाळच्या टप्प्यातून निघून गेलं की मधल्या फेरीचं दुसरं आठवड्याभरात त्या टप्प्यात येतं. आठवड्यात एखाद-दोन संध्याकाळी हमखास मिळतात.

११ नोव्हेंबर, गच्ची

मिळालं.

पुतण्या लॅपटॉपवर होता, मी केबल धरून उभा. तारा १४.७ प्रतीचा, शहराच्या आभाळात बारीक पण स्पष्ट ठिपका. अपेक्षित वेळेच्या आधी अर्धा तास तो उतरायला लागला. प्रत्येक फ्रेमला थोडा फिका. मग पुतण्या म्हणाला, "काका, तारा दिसून नाही राह्यला."

मी म्हटलं, "ढग बघ."

"ढग नाही. बाजूचे सगळे आहेत ना. हाच गेला."

फोटो मोठा करून पाहिला. आजूबाजूचे तारे जागच्या जागी, आणि मध्ये जिथे ठिपका होता तिथे नुसती आकाशाची खरखर. पुढच्या फ्रेममध्येही तेच. आणि त्याच्या पुढच्या. मग दोन-चार पिक्सेल उजळल्यासारखे झाले, दुसऱ्या फ्रेममध्ये खात्री पटली, आणि तारा जसा गेला तसाच परत चढला. मी इतक्या वर्षांत ग्रहणं पुष्कळ पाहिली, पण हजारो प्रकाशवर्षांवर एक तारा दुसऱ्याच्या आड गेलेला स्वतःच्या गच्चीवर बघितला नव्हता. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही, फ्रेम मागेपुढे करत बसलो.

१४ नोव्हेंबर

यूयू सॅजिटी ग्रहण नसतानाही मोजला. मला खरं हेच हवं होतं. ग्रहणाच्या आसपास तारा सर्वांत मंद असतो, कारण सोबत्याची अंधारी बाजू आपल्याकडे असते. तिथून पुढे अर्ध्या फेरीपर्यंत उजेड सावकाश चढतो, कारण तापलेली बाजू वळत आपल्यासमोर येते. तुकड्या-तुकड्यांच्या रात्री फेरीवर दुमडून, म्हणजे प्रत्येक मोजणी फेरीतल्या तिच्या जागी ठेवून, एकत्र केल्या तर तो चढ साफ दिसतो.

हेलिक्समधल्या ग्रहाचा पुरावा नेमका या चढासारखा आहे. तिथे ग्रहण नाही. कोणी ताऱ्यासमोरून जाताना दिसलेलं नाही. आहे ती फक्त तापलेल्या बाजूची सावकाश चढ-उतार, आणि तीही यूयू सॅजिटीच्या शतांशासारखी. म्हणून "शक्यता" हा शब्द मी जपून वापरतो. टेसचा एक पिक्सेल २१ कोनीय सेकंदांचा असतो, त्यात शेजारच्या मंद ताऱ्याचा उजेडही मिसळतो. ताऱ्यावरच्या डागानेही अशी लय येऊ शकते. आणि ग्रह असेलच तर त्याने तग कशी धरली हाही प्रश्न आहे. २.७७ दिवसांची फेरी म्हणजे अंतर साधारण पन्नास लाख किलोमीटर. तारा लाल राक्षसी असताना फुगला तेव्हा ती जागा त्याच्या पोटात खोल होती. म्हणजे ग्रह आधी दूर होता आणि नंतर आत आला, किंवा पोटातून वाचून निघाला. दोन्ही गोष्टी घडण्यासारख्या आहेत, आणि त्यामुळेच या ताऱ्यावर लक्ष ठेवण्यात अर्थ आहे.

१५ नोव्हेंबर, सिल्लारी

i फिल्टर, नीट ध्रुव-जुळणी, टोपी, हीटर. हेलिक्स आता अंधार पडता पडताच मेरिडियनवर असतो, त्यामुळे पुढचे दोनच तास हाती. थंडी चांगली आहे. पहिल्या आणि दुसऱ्या तासाची सरासरी आता हजारात दोनच्या आत जुळते. ऑक्टोबरमध्ये जिथून सुरू केलं तिथून हे फार पुढे आलेलं आहे.

एका रात्रीत आपण हजारात दोनला पोचलो. पण लय पावणेतीन दिवसांची आहे, म्हणजे आजची रात्र उद्याच्या आणि परवाच्या रात्रीशी तितक्याच बारकाईने जुळायला हवी, आणि ती जुळत नाही.

२२ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यातल्या गच्चीवरच्या रात्री आणि सिल्लारीची रात्र २.७७ दिवसांवर दुमडली. लय नाही. रात्रीरात्रींमधला फरक हजारात सहा-सात, म्हणजे शोधतोय त्याच्या तिप्पट. हा फरक ग्रहाचा नाही. २.५ दिवस, ३.१ दिवस अशा कुठल्याही कालावधीवर दुमडलं तरी तसाच राहतो.

गच्ची आणि सिल्लारी मिसळू नये हे यातून कळलं. रोज एकाच जागेहून, एकाच उंचीवर, कॅमेरा न काढता, फोकस न हलवता सलग बारा-पंधरा रात्री मिळाल्या तर हा फरक निम्म्यावर येईल असं वाटतं. कॅमेरा प्रवासात काढून बसवला की धुळीची वर्तुळं सरकतात आणि जुने फ्लॅट निकामी होतात.

२८ नोव्हेंबर

हेलिक्स यंदापुरता बंद. अंधार होईपर्यंत तो उतरणीला लागलेला असतो. यूयू सॅजिटीही पश्चिमेला गेला.

पुढची संधी मेअखेर, पहाटे चारनंतर, पावसाच्या आधी. तेव्हा नागपुरात पहाटेही तीस अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे कॅमेरा उणे दहापर्यंत थंड होणार नाही. सेन्सर शून्य अंशावर ठेवायचा आणि डार्क फ्रेमही (झाकण लावून घेतलेले, सेन्सरची स्वतःची खरखर वजा करायचे फोटो) शून्यावरच्याच घ्यायच्या. त्या जानेवारीत घेऊन ठेवतोय, ६० आणि १२० सेकंद दोन्ही. दवाचा प्रश्न मेमध्ये नाही, पण धूळ असेल, म्हणून फ्लॅट रोजच्या रोज. बसायची जागा गच्चीच, आणि कॅमेरा एप्रिलअखेर बसवला की जूनपर्यंत हलवायचा नाही.